पासिंग झालेली गाडी आणि न दिसणारा धूर

१ एप्रिल २०२० पासून देशात नव्या डिझेल गाड्यांना भारत स्टेज-६, म्हणजे बोलीतल्या 'बीएस-सिक्स'चे प्रदूषण निकष लागू झाले. हे निकष नुसते इंजिन सुधारून गाठता येत नाहीत. त्यासाठी इंजिन आणि सायलेन्सरचे तोंड यांच्यामध्ये धूर स्वच्छ करणारी उपकरणांची साखळी बसवावी लागते. ही साखळी कापून टाकली तरी इंजिन चालते. उलट, मालकाला गाडी आधीपेक्षा मोकळी पळते असे वाटते, साखळीला लागणाऱ्या युरियाचा खर्च वाचतो आणि डॅशबोर्डवर सारखा पेटणारा पिवळा दिवा विझतो. शिवाय अशी गाडी पीयूसी केंद्रावर नेली तर ती पासही होऊ शकते. गॅरेजमध्ये या कामाला 'बायपास' म्हणतात. बायपास का केला जातो, तो तपासणीत का सापडत नाही आणि त्याची किंमत कोण मोजते, हे समजण्यासाठी आधी ती साखळी काय काम करते ते पाहायला हवे.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन आणि त्याच्या आसपासचा पट्टा या विषयाला अगदी जवळचा आहे. जवळच वणीचे कोळसा क्षेत्र, तालुक्यातच मार्की-मांगलीचा कोळसा, जमिनीत चुनखडी, आणि २०२२ पासून मुकुटबनला वर्षाकाठी ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना. माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे गावातून जाते, तरीही कोळसा, चुनखडी आणि सिमेंट यांची पुष्कळ वाहतूक रस्त्यानेच होते. टिप्पर आणि मोठे ट्रेलर यांच्या जोडीला गावोगावचे पिकअप आणि 'छोटा हत्ती' असतात. हंगामात कापूस आणि सोयाबीन, पावसाच्या तोंडावर खते आणि बियाणे, एरवी सिमेंटच्या गोण्या, लोखंड, किराणा, लग्नाचे सामान. एमएच-२९ आणि शेजारच्या चंद्रपूरच्या एमएच-३४ पाट्यांच्या या गाड्या कच्च्या-पक्क्या रस्त्यांवर, बहुतेक वेळा कमी वेगाने आणि छोट्या अंतरांवर धावतात. धूर स्वच्छ करणाऱ्या साखळीला नेमकी हीच चाल मानवत नाही.

साखळीची पहिली कडी इंजिनालाच चिकटलेली असते. तिला ईजीआर म्हणतात. इंजिनातून निघालेल्या वायूचा काही भाग थंड करून ती पुन्हा इंजिनात सोडते. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी कमी प्रमाणात जुळतो, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी बनतात. अर्थात परतून आलेला हा वायू काजळी घेऊन येतो. ती व्हॉल्व्हवर आणि इनटेकच्या नळीत साचते. व्हॉल्व्ह अडकला की गाडी 'पॉवर पकडत नाही'. मग एखादा मिस्त्री वाटेत पत्र्याची चकती बसवून तो रस्ताच बंद करतो. बीएस-थ्री आणि बीएस-फोरच्या काळापासून चालत आलेला हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त बायपास.

दुसरी कडी म्हणजे ऑक्सिडेशन कॅटलिस्ट, गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. हिच्या जाळीवर प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा पातळ थर असतो. न जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्यावरून जाताना जळून जातात. या धातूंना भंगारातही चांगला भाव असल्यामुळे काढलेली कॅट फेकली जात नाही, विकली जाते. ज्याची गाडी आहे त्याला तो भाव मिळतोच असे नाही.

तिसरी कडी डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. चिनी मातीच्या जातीच्या कॉर्डिएराइटपासून किंवा सिलिकॉन कार्बाइडपासून बनवलेला हा ठोकळा मधाच्या पोळ्यासारखा हजारो बारीक नळ्यांचा असतो. एक नळी पुढून बंद, तिच्या शेजारची मागून बंद. वायूला एका नळीतून शेजारच्या नळीत भिंतीतूनच झिरपत जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते. चांगल्या स्थितीतली गाळणी वजनाने ९५ टक्क्यांहून जास्त काजळी पकडते. पकडलेली काजळी कुठेतरी जायला हवी. म्हणून ठरावीक साठा झाला की गाडीचा संगणक थोडे जादा डिझेल सोडून गाळणीचे तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत चढवतो आणि काजळी जाळून टाकतो. याला 'रिजनरेशन' म्हणतात, चालकांच्या तोंडी नुसते 'रिजन'. त्यासाठी गाडी बरीच मिनिटे बऱ्यापैकी वेगाने, न थांबता चालावी लागते. नागपूर–हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याहून निघालेल्या ट्रकला हे सहज जमते. मुकुटबनहून शेजारच्या गावी खत पोचवून परतणाऱ्या पिकअपला जमत नाही. रिजन सुरू होते, गाडी पोचते, चालक किल्ली फिरवतो, काम अर्धवट राहते. असे पाच-दहा वेळा झाले की गाळणी तुंबते, जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी वाढत जाते.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख मुख्यतः इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते. म्हणून बीएस-सिक्स गाडीला कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. जुन्या गाडीला चालणारे स्वस्त ऑइल भरले की गाळणी वेळेआधी भरते, आणि दोष मात्र गाळणीला दिला जातो.

चौथी कडी मोठ्या गाड्यांत आणि अनेक छोट्या गाड्यांतही असते. तिचे नाव एससीआर. सायलेन्सरच्या वाटेवर एका बारीक फवाऱ्यातून युरियाचे द्रावण मारले जाते. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो. हा अमोनिया कॅटलिस्टवर नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी जुळतो आणि शेवटी साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ उरते. द्रावणात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकीचे शुद्ध पाणी. पेट्रोलपंपावर आणि स्पेअर पार्टच्या दुकानात ते बादलीतून मिळते. त्याला डीईएफ म्हणतात, चालक सरळ 'युरिया' म्हणतात. डिझेलच्या साधारण चार ते सहा टक्के इतका तो खर्च होतो. काही छोट्या गाड्यांत युरियाऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडे धरून ठेवणारा आणि मधूनमधून साफ होणारा सापळा असतो.

या युरियाच्या टाकीभोवती कापसाच्या मुलखात एक वेगळाच मोह उभा राहतो. शेतीचा युरिया प्रचंड अनुदानित आहे. ४५ किलोच्या गोणीची सरकारी किंमत २४२ रुपये, कर आणि नीम-लेपनाचा खर्च वेगळा. डीईएफही युरियाच, मग गोणी पाण्यात विरघळवून टाकीत का ओतू नये? पहिले कारण असे की खताच्या युरियात बाययुरेट नावाचा घटक दीड टक्क्यापर्यंत चालतो, डीईएफमध्ये त्याची मर्यादा ०.३ टक्के आहे. हा बाययुरेट फवाऱ्यावर आणि नळीत कडक पांढरे खडे तयार करतो. दुसरे म्हणजे २०१५ पासून देशातला सगळा शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, आणि अनुदानाचा युरिया कारखान्यांकडे वळू नये हाही त्या लेपामागचा एक हेतू होता. ते तेल आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार मिळून कॅटलिस्ट निकामी करतात. तिसरे कारण कायद्याचे: अनुदानित खत शेतीबाहेर वापरणे हा खत नियंत्रण आदेशानुसार गुन्हा आहे. असे घरगुती द्रावण भरलेल्या गाडीची एससीआर काही महिन्यांत बंद पडते आणि मालक बायपासच्या दारात येऊन उभा राहतो. एक गैरवापर असा दुसऱ्याकडे घेऊन जातो.

विदर्भाच्या उन्हाचाही यात वाटा आहे. २५ अंश तापमानात ठेवलेले डीईएफ दीड वर्ष टिकते. साठवणीचे तापमान ३५ अंश असेल तर ते सहाच महिने धरावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. मे महिन्यात ४४-४५ अंशांत पत्र्याच्या टपरीत पडून राहिलेल्या बादलीतला युरिया हळूहळू विघटत जातो. सील शाबूत असले तरी आतला माल निकस होतो आणि गाडीचे सेन्सर ते ओळखतात.

सेन्सरनी बिघाड ओळखला की गाडी चालकावर दबाव आणू लागते. ही व्यवस्था निकषांतच लिहिलेली आहे. आधी दिवा आणि इशारा. दुर्लक्ष केले तर जड वाहनाची ताकद एक चतुर्थांशाने कमी होते. तरीही दुरुस्ती झाली नाही तर गाडी ताशी २० किलोमीटरपलीकडे जात नाही. हलक्या गाड्यांत उरलेले किलोमीटर मोजून दाखवले जातात आणि ते संपल्यावर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, असा बंदोबस्त केलेला असतो. कोळशाच्या खेपांवर हप्ता भरणाऱ्या ट्रकमालकाच्या दृष्टीने रांगेत उभी राहिलेली गाडी म्हणजे बुडालेला दिवस. कंपनीचे सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर, गाळणी किंवा एससीआरचा सुटा भाग महागडा, आणि बीएस-सिक्सचे शिक्षण घेतलेला मिस्त्री तालुक्यात सापडणे कठीण. या अडचणी खऱ्या आहेत आणि बायपास करणाऱ्या प्रत्येकाला सरसकट बेईमान ठरवून त्या सुटत नाहीत.

बायपासचे दोन भाग असतात. पहिला लोखंडाचा: गाळणी किंवा कॅट कापून सरळ पाइप जोडणे, किंवा बाहेरचा डबा तसाच ठेवून आतला ठोकळा फोडून काढणे. दुसरा भाग संगणकाचा. गाळणी काढली तर दाबाचे सेन्सर लगेच ओरड करतात. म्हणून एक तर इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलला जातो, नाहीतर 'सगळे ठीक आहे' असे खोटे संकेत देणारी छोटी डबी तारांमध्ये जोडली जाते. बीएस-फोरच्या मोठ्या ट्रकांवर अशा युरियाच्या डब्या आधीपासून होत्या, आता त्या बीएस-सिक्सपर्यंत आल्या. याचा आणखी एक परिणाम लक्षात घेतला जात नाही. संगणकाचे तोंड बंद केले की इंजिनातल्या इतर खऱ्या बिघाडांचे इशारेही कित्येकदा त्याच्याबरोबर बंद होतात. टर्बो किंवा इंजेक्टर जायला लागला तरी दिवा पेटत नाही, आणि वाचवलेल्या युरियाच्या कितीतरी पट खर्च एका दिवसात समोर येतो.

तपासणी काय पाहते

मालवाहू गाडीला दोन तपासण्या लागतात. एक पीयूसी, दुसरी आरटीओची फिटनेस, जिला सगळे 'पासिंग' म्हणतात. नव्या गाडीला पहिले वर्ष पीयूसीची गरज नाही. त्यानंतर बीएस-फोर आणि बीएस-सिक्स गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे धूरमापकाची चाचणी. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन तापलेले. चालक ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतो आणि सोडतो, असे काही वेळा. सायलेन्सरमध्ये घातलेली नळी धूर एका कक्षात नेते. तिथे एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा डोळा असतो. धूर जितका दाट, तितका प्रकाश कमी पोचतो. यावरून शोषणाचा आकडा निघतो. बीएस-थ्रीपर्यंतच्या गाड्यांना त्याची मर्यादा २.४५, बीएस-फोरला १.६२, बीएस-सिक्सला ०.७. या आकड्यांचा अर्थ असा: २.४५ म्हणजे एक मीटर धुरातून प्रकाशाचा दहावा भागही पार होत नाही. १.६२ ला सुमारे पाचवा भाग पार होतो. ०.७ ला निम्मा.

०.७ ही मर्यादा कडक वाटते. जुन्या इंजिनाला ती गाठणे अवघड आहे. पण बीएस-सिक्स इंजिन गाळणीशिवायही जुन्या इंजिनासारखे काळे ओकत नाही. त्यातले इंधन प्रचंड दाबाने, अतिशय बारीक थेंबांत फवारले जाते. त्यामुळे काजळीचे मोठे पुंजके कमी होतात आणि अतिसूक्ष्म कण उरतात. त्यांतल्या बहुतेकांचा व्यास एक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असतो. इतका लहान कण प्रकाशाला फारसा अडवत नाही. धूरमापकाच्या डोळ्याला तो जवळजवळ नसल्यासारखाच. म्हणून गाळणी काढलेली, पण इंजेक्टर धड असलेली गाडी ०.७ च्या आत बसू शकते. त्यासाठी केंद्रचालकाला लाच द्यावी लागत नाही. यंत्र प्रामाणिक असते, त्याला प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

एससीआरची गत याहून वाईट. डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. युरियाची टाकी कोरडी असो की भरलेली, धूरमापकाला फरक पडत नाही. नव्या जड इंजिनाच्या मान्यतेवेळी मात्र या वायूवर मोठे लक्ष असते: बीएस-फोरला किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅमची मर्यादा होती, बीएस-सिक्समध्ये ती चाचणीच्या पद्धतीनुसार ०.४० आणि ०.४६ ग्रॅमवर आली. सात-आठ पटींची ही घट जवळजवळ पूर्णपणे एससीआरच्या भरवशावर आहे. एससीआर पुढे सगळे साफ करणार हे गृहीत धरून इंजिन अधिक गरम आणि इंधन वाचवणाऱ्या पद्धतीने चालवता येते, त्यामुळे कच्च्या वायूत ही ऑक्साइडे उलट जास्त असू शकतात. अशा गाडीची एससीआर बंद केली तर ती जुन्या ट्रकपेक्षाही अधिक घाण हवेत सोडू शकते, आणि तेही एकही काळा भपका न दाखवता.

पासिंगमध्ये ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, चेसिस क्रमांक, परावर्तक पट्ट्या, वेगनियंत्रक पाहिले जातात. प्रदूषणासाठी पीयूसी प्रमाणपत्र पुरते. गाडीखाली वाकून गाळणीचा डबा जागेवर आहे का, त्यावर नवे वेल्डिंग आहे का, हे पाहता येते, पण दिवसाला ओळीने गाड्या उरकणाऱ्या निरीक्षकाला तेवढी सवड क्वचित मिळते. डबा शाबूत ठेवून आतून पोकळ केलेला असेल तर वाकूनही काही दिसत नाही. माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांनी तपासणी करणारी स्वयंचलित केंद्रे आता देशभर उभी राहत आहेत. ब्रेकसारख्या तपासणीत हा बदल फार मोलाचा आहे. धुराच्या बाबतीत मात्र तिथेही मापक तोच असेल तर उत्तरही तेच येणार.

कायद्यात पळवाट नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हवा प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवल्यास कलम १९० खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, आणि तीन महिने परवाना अपात्र. शिक्षा पुरेशी आहे. अडते ते गुन्हा दिसण्यापाशी.

मोठ्यांचे बायपास

ही लबाडी खेड्यातल्या गॅरेजपुरती कधीच नव्हती. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनचा प्रकार उघड केला: प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडीचे सॉफ्टवेअर ओळखायचे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण नियंत्रण पूर्ण चालवायचे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होते. भारतात तपासाचे काम पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेकडे आले. तिथल्या चाचण्यांत रस्त्यावरचे आणि प्रयोगशाळेतले आकडे यांत मोठी तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने देशातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनीने भारतीय निकष मोडल्याचे नाकारले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या वसुलीला स्थगिती दिली. या प्रकरणातून जगाने घेतलेला धडा म्हणजे गाडी रस्त्यावर चालत असतानाच तिचा धूर मोजणे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून बीएस-सिक्सच्या दुसऱ्या टप्प्यात तो आला. पण ही चाचणी नव्या मॉडेलची होते, मुकुटबनच्या रस्त्यावर तीन वर्षे धावलेल्या पिकअपची नाही.

मालकांनी स्वतः केलेल्या बायपासचा सर्वांत मोठा हिशेब अमेरिकेतच झाला. नोव्हेंबर २०२० च्या अहवालात तिथल्या पर्यावरण संस्थेने म्हटले की आधीच्या साधारण दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण उपकरणे काढली गेली. त्यातून नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे ५ लाख ७० हजार टन जादा प्रदूषण होईल असा अंदाज होता. नियमात चालणारे ९० लाख जादा पिकअप रस्त्यावर आणण्याइतके ते होते. डिसेंबर २०२३ मध्ये इंजिने बनवणाऱ्या कमिन्सने अमेरिकी सरकारशी तडजोड केली. पिकअपच्या लाखो इंजिनांमध्ये प्रदूषण नियंत्रण टाळणारे सॉफ्टवेअर असल्याचा आरोप होता. १६७.५ कोटी डॉलरचा हा दिवाणी दंड तिथल्या हवा कायद्याखालचा आजवरचा सर्वांत मोठा ठरला. कंपनीने चूक कबूल केली नाही. पुणे आणि फलटण इथल्या कारखान्यांमुळे ही कंपनी महाराष्ट्राला चांगलीच ओळखीची आहे.

तपासणीचे कोडे मात्र युरोपने सोडवत आणले. ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी जागेवर आहे का हे पाहणे सक्तीचे केले, तेव्हा पोकळ डब्यांचा धंदा वाढला. नंतर बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये धूरमापकाऐवजी कणगणक आणला. हे यंत्र प्रकाश किती अडला ते पाहत नाही, वायूतले कण मोजते. चाचणी सोपी आहे: गाडी उभी, इंजिन मंद गतीत चालू. नेदरलँड्सची मर्यादा घन सेंटिमीटरला दहा लाख कण, जर्मनीची अडीच लाख. चांगल्या गाळणीच्या गाडीत कणसंख्या याच्या खूप खाली राहते. गाळणी नसलेली गाडी कित्येक पटींनी वर जाते. मधली संशयाची जागा जवळजवळ उरत नाही. आतून फोडलेला डबाही यात लगेच उघडा पडतो. भारतातल्या पीयूसी केंद्रांवर हेच यंत्र आले पाहिजे. बीएस-सिक्ससाठी देशाने इंधनातले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आणले, तेलशुद्धीकरण कारखान्यांनी त्यासाठी हजारो कोटी ओतले. एवढे करून शेवटच्या टोकाला जुनाच धूरमापक ठेवणे म्हणजे ती सगळी गुंतवणूक उघड्यावर टाकणे आहे.

किंमत कोण मोजते

जून २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला. अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. सर्वांत जास्त धूर घेतो तो रस्त्यालगत राहणारा आणि गाडीतच दिवस काढणारा. वणी, घुग्गुस, मुकुटबनकडच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ आधीच डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध आंदोलने होतात, पाण्याचे टँकर फिरवले जातात. २००९ च्या केंद्रीय यादीत चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते. डिझेलचा न दिसणारा भाग याच धुळीत मिसळतो आणि त्याच्याविरुद्ध कुणी टँकर मागत नाही.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा फटका पिकालाही बसतो. उन्हात या ऑक्साइडांपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो. पानांच्या रंध्रांतून शिरून तो पेशी जाळतो, पाने अकाली पिवळी पडतात, उत्पादन घटते. सोयाबीन, गहू आणि कपाशी ही पिके या बाबतीत हळवी आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००५ साली ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडाल्याचा अंदाज दिला. कापूस आणि सोयाबीन याही पिकांचा विचार त्या अभ्यासात होता. ज्या शेतकऱ्याचा कापूस पिकअपमध्ये भरला जातो, त्याच्याच कपाशीवर त्या पिकअपचा बायपास परिणाम करतो. ओझोन वाऱ्याबरोबर दूर पसरत असल्याने हे नुकसान एका गाडीच्या नावावर कधी लिहिता येत नाही.

बायपासशिवाय मार्ग आहे, आणि तो बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. आठवड्यातून एकदा-दोनदा गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालवली, रिजनचा दिवा लागल्यावर ते पुरे होऊ दिले, तर गाळणी वर्षानुवर्षे टिकते. गाडी उभी करून रिजन करण्याची सोय अनेक मॉडेलांत असते, ती वाळलेल्या गवतापासून आणि पऱ्हाटीच्या गंजीपासून दूर वापरावी, कारण सायलेन्सर त्या वेळी आग लावण्याइतका तापतो. तुंबलेली गाळणी काढून भट्टीत तापवून आणि उलट हवेने राख उडवून साफ करता येते. नवी घेण्याच्या मानाने हा खर्च फार थोडा. पाण्याचा प्रेशर मारून ती धुण्याचा प्रकार मात्र आतल्या थराला मारक ठरू शकतो. डीईएफ लागेल तेवढेच, ताज्या तारखेचे आणि सावलीत ठेवलेले घ्यावे. बीएस-सिक्स गाडीची प्रदूषण उपकरणे टिकण्याची जबाबदारी निर्मात्यावर टाकलेली आहे. हलक्या गाड्यांना ती १ लाख ६० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षे आहे, १६ टनांवरच्या ट्रकना ७ लाख किलोमीटर किंवा सात वर्षे. उपकरण कापल्यावर कंपनीकडे हक्काने जाण्याची ही वाट आपोआप बंद होते.

जुना पिकअप विकत घेणाऱ्याने हे सगळे व्यवहाराआधी पाहावे, कारण कापलेल्या साखळीचे ओझे आरसी बुकाबरोबर त्याच्याकडे येते. गाळणी शाबूत असलेल्या बीएस-सिक्स गाडीच्या सायलेन्सरचे तोंड आतून जवळजवळ स्वच्छ राहते. पांढरे फडके फिरवल्यावर ते काळेकुट्ट झाले तर शंका घ्यावी. गाडीखाली डब्यांवर ताजे वेल्डिंग, नवा रंग किंवा मध्येच सरळ पाइप दिसतो का ते पाहावे. किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा क्षणभर पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही तर तो जाणूनबुजून बंद केलेला असू शकतो. युरियाची टाकी असेल तर तिच्या काट्यावर लक्ष ठेवून गाडी बरीच लांब चालवावी, डिझेल घटले आणि युरिया तिथेच राहिला तर बहुधा डबी जोडलेली आहे. कंपनीच्या स्कॅनरवर गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबाचा फरक दिसतो. इंजिन रेस केल्यावरही तो हलत नसेल तर आत ठोकळा नाही. अशी गाडी घेतलीच तर सगळी साखळी पुन्हा बसवण्याचा खर्च आधी विचारून तो किमतीतून वजा करावा.